इंटरप्टच्या चालना-पद्धती आणि भूकंपनोंद : कोयना ते किल्लारी

प्रस्तावना

अनेक ठिकाणांहून येणाऱ्या डिजिटल संकेतांवर एकाच यंत्राने लक्ष कसे ठेवावे, हा संगणकाच्या इतिहासातील जुना प्रश्न आहे. प्रत्येक इनपुट क्रमाने तपासत राहणे म्हणजे पोलिंग. तर बदल घडताच इनपुटनेच प्रोसेसरचे चालू काम थांबविणे म्हणजे इंटरप्ट. प्रस्तुत लेखात इंटरप्टच्या चालना-पद्धतींचा विकास मांडून, त्यांच्या मर्यादांचा महाराष्ट्रातील भूकंपनोंदीच्या आधारे विचार केला आहे.

एज आणि लेव्हल

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डिसॅक या संगणकात १९५४ मध्ये इनपुट-आउटपुटसाठी इंटरप्टचा वापर झाला. पुढे १९५६ च्या सुमारास युनिव्हॅक ११०३-ए वर वातबोगद्यातील मापने हाताळण्यासाठी हे तत्त्व उपयोगात आले. अभ्यासक्रमातून सर्वांना परिचित असलेल्या, इंटेलच्या १९७६ च्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरमध्ये पाच हार्डवेअर इंटरप्ट आहेत. त्यांपैकी आर.एस.टी. ७.५ हा संकेत वर चढण्याच्या क्षणी, म्हणजे एजवर, चालतो आणि तो क्षण लॅचमध्ये टिकवितो. आर.एस.टी. ६.५ व ५.५ यांना मात्र दखल घेतली जाईपर्यंत संकेताची पातळी, म्हणजे लेव्हल, उच्च राहावी लागते.

हा भेद किरकोळ नाही. सोळा इनपुट एकत्र करून एकाच इंटरप्ट रेषेवर आणले आणि त्यांतील एक उच्चच राहिले, तर दुसऱ्याचा चढ रेषेवर उमटत नाही. एज-पद्धतीत तो निसटतो. लेव्हल-पद्धतीत तो निसटत नाही, परंतु मूळ कारण दूर न केल्यास प्रोसेसर त्याच फेऱ्यात अडकतो. आय.बी.एम. पी.सी.च्या (१९८१) बसवर एज-पद्धत होती. १९९२ च्या पी.सी.आय. बसने एकच रेषा अनेकांना वापरता यावी म्हणून लेव्हल-पद्धत स्वीकारली.

कोयना आणि किल्लारी

तीव्र हादरे नोंदविणाऱ्या त्वरणलेखकांमागेही हेच तत्त्व आहे. फिल्म मर्यादित असल्याने जुनी उपकरणे जमीन हलेपर्यंत निद्रिस्त राहत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणातील अशाच उपकरणाने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतके कमाल त्वरण नोंदविले. ही नोंद काँक्रीट धरणांच्या अभ्यासात जगभर वापरली गेली. उपकरण जागे होण्यापूर्वीची हालचाल मात्र या पद्धतीत हरवते. पुढे डिजिटल उपकरणांनी मागील काही सेकंदांची स्मृती सतत फिरती ठेवून ही उणीव भरून काढली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त केली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मुख्य धक्क्याच्या वेळी केंद्राजवळ त्वरणलेखक नव्हता. त्यामुळे जमीन नेमकी किती हलली, याचा अंदाज पडलेली घरे आणि दूरच्या केंद्रांतील नोंदी यांवरून बांधावा लागला. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच परिसराला लहान धक्के जाणवले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष

८०८५ मध्ये प्रोग्रामर काही इंटरप्ट मास्क करू शकतो. मग संकेत आला तरी प्रोसेसर त्याची दखल घेत नाही. १९९३ पूर्वीच्या भूकंप-विभाग नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात गेला. आधीचे वर्गीकरण हे एका अर्थाने मास्कच होते. एज की लेव्हल, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे. परंतु कोणते इनपुट जोडायचे आणि कोणते मास्क करायचे, हा निर्णय त्याआधी माणसेच घेतात. इंटरप्ट शिकविताना हा क्रमही विद्यार्थ्यांसमोर मांडला जावा, असे वाटते.