वाळलेल्या पानांचें दप्तर

इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा आणि मोडी पत्रांचे रुमाल उभे राहतात. राजवाड्यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागद पाहिल्यावांचून विधान करूं नये, हा दंडक आपल्या अंगवळणीं पडला आहे. परंतु अस्सल कागदांचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याकडे इतिहासाच्या भक्तांचें लक्ष क्वचितच जातें. विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र-शाखांत, बहुधा एखाद्या बाजूच्या खोलींत, जाड कागदांवर टांचलेल्या वाळक्या वनस्पतींचीं कपाटें असतात. या संग्रहास हर्बेरियम म्हणतात. वाळक्या पाल्यांत इतिहास कसला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर देणें हाच या लेखाचा हेतु आहे.

झाड दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची रीत सोळाव्या शतकांत इटलींत रूढ झाली. तिचें श्रेय बोलोन्या व पिसा येथील अध्यापक लूका गिनी (1490–1556) यांस देतात. प्रथम असे कागद पुस्तकासारखे बांधीत. अठराव्या शतकांत लिनीअस यांनीं ते सुटे ठेवण्याचा पाठ घालून दिला. त्यामुळें ज्ञान वाढेल तसा नमुन्यांचा क्रम बदलतां येऊं लागला. तथापि नमुन्याचा खरा प्राण कागदाच्या कोपऱ्यांतील चिठ्ठींत असतो. वनस्पतीचें नांव, स्थळ, दिनांक व गोळा करणाराचें नांव हीं तिच्यावर लिहिलेलीं असतात. चिठ्ठी गेली कीं नमुना म्हणजे केवळ पाचोळा. चिठ्ठी आहे तोंवर तो साक्षीदार.

आमच्या प्रांताचेंच उदाहरण घेऊं. थिओडोर कुक (1836–1910) हे मूळचे आयर्लंडांतील इंजिनियर. पुढें ते पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपाल झाले. 1893 मध्यें निवृत्त होऊन विलायतेस गेल्यावर त्यांनीं क्यू येथें बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तो 1901 ते 1908 या काळांत भागाभागांनीं बाहेर पडला. त्यांत प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनाखालीं स्थळें दिलीं आहेत, आणि स्थळापुढें नमुना आणणाराचें नांव. त्या नांवापुढें उद्गारचिन्ह असलें तर तो नमुना ग्रंथकर्त्यानें स्वतः पाहिला, असा संकेत आहे. डालझेल, स्टॉक्स, लॉ, वुड्रो या साहेबांच्या पंक्तीस या नोंदींत 'कानिटकर' आणि 'भिवा' हींही नांवें बसलेलीं दिसतात. नुसतें 'भिवा'! ना आडनांव, ना उपपद. पण त्यापुढें तेंच उद्गारचिन्ह आहे. शास्त्राच्या दरबारांत साहेबाची व भिवाची साक्ष सारख्याच मोलाची ठरली, कारण दोघांच्याही नांवामागें कागदावर टांचलेली एक फांदी होती. डोंगर तुडविणाऱ्या माणसाच्या श्रमाची याहून साधी आणि याहून पक्की पावती आम्हांस ठाऊक नाहीं.

नमुना ठेवणारास त्याचा पुढें काय उपयोग होईल याची कल्पनाही नसते. केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहांतील दोनशें वर्षांच्या अवधींत जमा झालेलीं आठ जातींच्या झाडांचीं पानें वुडवर्ड यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं. पानांवरील श्वसनरंध्रांची दाटी त्या काळांत सुमारें 40 टक्क्यांनीं घटली, असें त्यांनीं 1987 सालीं दाखवून दिलें. हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु वाढत गेल्याचा तो परिणाम होय. जीं पानें केवळ नांव ठरविण्यासाठीं ठेवलीं, त्यांनीं हवेची बखर सांगितली.

अलीकडे या संग्रहांचीं संगणकीय छायाचित्रें घेण्याचा उद्योग सर्वत्र चालू आहे. काम वाटतें तितकें यांत्रिक नाहीं. प्रथम किडीपासून नमुना निर्धोक करावयाचा, सुटलेलें पान पुन्हा टांचावयाचें, मोजपट्टी व रंगपट्टी शेजारीं ठेवून चित्र घ्यावयाचें, आणि मग चिठ्ठी वाचावयाची. खरी कसोटी येथेंच लागते. जुन्या चिठ्ठींतील 'किर्की' म्हणजे खडकी, 'बसीन' म्हणजे वसई, हें यंत्रास कोणी तरी सांगावें लागतें. ज्यास गांवें, जुने नकाशे आणि मराठी बोली ठाऊक आहे, असाच माणूस तें सांगूं शकतो. म्हणून लहान विद्यापीठांतील लहान संग्रहास मोल आहे: आसपासच्या डोंगरांचें दप्तर त्याच्यापाशीं असतें, आणि तें वाचणारेही तेथेंच तयार होतात.

छायाचित्राचें मोल काय व त्याची मर्यादा काय, हें बर्लिननें एकदांच शिकविलें. शिकागो येथील फील्ड म्युझियमच्या वतीनें मॅकब्राइड यांनीं 1929 पासून युरोपांतील संग्रहांतल्या आधारनमुन्यांचीं, म्हणजे ज्यांवरून जातींचीं नांवें प्रथम ठरलीं त्या नमुन्यांचीं, छायाचित्रें घेतलीं. त्यांत बर्लिनचाही समावेश होता. 1943 च्या मार्चमध्यें बाँबवर्षावांत बर्लिनचा बहुतेक संग्रह जळाला. कित्येक जातींच्या मूळ नमुन्यांची आज तेवढीच आठवण उरली आहे. चित्रें नसतीं तर तीही उरली नसती. परंतु चित्रांतील पान उलटून पाहतां येत नाहीं, त्यावरील लव भिंगाखालीं मोजतां येत नाहीं, आणि त्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यही काढतां येत नाहीं.

असें असतां चित्रें झालीं, आतां कपाटें कशास, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकूं येतो. जागा व खर्च हीं कारणें खोटीं नाहींत. 2024 च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठानें आपला सुमारें सव्वाआठ लाख नमुन्यांचा संग्रह बंद करून अन्यत्र पाठविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हां श्रीमंत संस्थाही या मोहांतून सुटत नाहींत हें दिसून आलें. मोडी पत्र छापून निघालें म्हणून मूळ पत्र आपण चुलींत घालीत नाहीं. उलट, छापील प्रत पाहूनच दहा अभ्यासक मुळाकडे धांवतात. वनस्पतीच्या चित्राचेंही तसेंच आहे: तें नमुन्याचा वारस नसून त्याचा भालदार आहे. ज्या विद्यापीठानें चित्रांसाठीं पैसा काढला, त्यानें कपाटांसाठीं एक कोरडी खोली आणि एक जाणता माणूसही राखून ठेवावा, एवढीच आमची सूचना आहे. भिवानें वाहून आणलेलें ओझें त्याहून जड होतें.