चांद्याचें सूत आणि यंत्राची कसोटी

चांद्याच्या सुताची कीर्ति एके काळीं मोठी होती. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत महारांच्या प्रकरणीं या सूतकताईचा उल्लेख आहे. नागपूरच्या एका प्रदर्शनांत मांडलेलें चांद्याकडील सूत इतकें तलम होतें कीं, त्याचें एक रत्तल उलगडलें असतां लांबी ११७ मैल भरावी! गिरणीच्या परिभाषेंत हें सूत सुमारें २४५ नंबरचें ठरतें. साधें खादीचें सूत वीस-तीस नंबरांच्या आसपास असतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या हातांचें कसब किती असामान्य होतें, याची कल्पना येईल.

हे हात महार स्त्रियांचे होते. त्यांच्या सुताचे तलम पागोटे माथ्यावर मिरविण्यांत समाजास भूषण वाटे; सूत काढणारीचा स्पर्श मात्र त्याच समाजास चालत नसे. वस्त्राच्या इतिहासांत ही विसंगति वारंवार भेटते, आणि यंत्र आल्यानें ती आपोआप नाहींशी झाली नाहीं, हेंहि पुढें दिसून येईल.

चांद्याच्या नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनींत कोरपना वसलें आहे. हा राजुऱ्याकडील मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मराठी मुलखांत आला व १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. राज्यें बदललीं, जमीन मात्र कापसाचीच राहिली. भूमीच्या पोटांतील चुनखडीमुळें या भागांत सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, तरी शेतकऱ्याचा भरंवसा कापसावरच आहे. परंतु बोंड फुटतें कोरपन्यास आणि त्याचें वस्त्र होतें भलत्याच मुलखांत! असें कां व्हावें?

याचें उत्तर शोधावयाचें तर १८६७ साल गांठलें पाहिजे. त्या वर्षीं आगगाडी नागपुरास पोंचली. तिनें वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेला व परततांना विलायती सूत आणि कापड आणलें. दहा वर्षांनीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली. जेथें कापूस पिकतो तेथेंच गिरणी काढावी, हा टाटांचा विचार त्या काळीं नवा होता. इंग्लंडांतील गिरणीवाले रिंगच्या चात्यांकडे साशंकतेनें पाहात असतां टाटांनीं त्या नागपुरांत बसविल्या, आणि पुढें साऱ्या देशानें तोच कित्ता गिरविला.

या घडामोडींत विणकर मोडला, असें सरसकट म्हटलें जातें. तें पूर्ण खरें नव्हे. कोष्टी गिरणीचें सूत घेऊन आपल्या मागावर विणीत राहिला. समूळ बुडाली ती कांतणारी. एका चातीवर दिवसभर बसून जेवढें सूत निघे, तेवढें गिरणी अल्पावधींत, आणि अत्यल्प दरांत, देऊं लागली. विणणाराला कच्चा माल स्वस्त झाला, पण कांतणाराच्या हातचें कामच गेलें. यंत्राचा लाभ व हानि एकाच घरांत समान वांटली जात नाहीं, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा गिरणीच्या आंत मिळतो. मुंबईच्या गिरण्यांत कांतण खात्यांत अस्पृश्य मजुरांस काम मिळे. विणकाम खात्याचीं दारें मात्र त्यांस बंद असत. कारण असें कीं, धोट्याच्या छिद्रांतून धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाची कल्पना तेथें आड येई. विणकाम खात्यांत मजुरी अधिक होती, हें येथें विसरतां कामा नये. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. वाफेचें इंजिन नवें होतें. माणसांची वांटणी जुनीच होती.

मग असें यंत्र करतां येईल काय, कीं जें झोंपडींत बसेल आणि तरीहि पोटापुरती मजुरी देईल? १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें या प्रश्नाचें उत्तर देणारास एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. अटी कडक होत्या. चरखा हलका हवा; स्त्रीला आठ तास फारशा श्रमावांचून चालवितां यावा; तेवढ्या वेळांत १६,००० फूट सूत निघावें; किंमत दीडशें रुपयांपलीकडे जाऊं नये; आणि योग्य निगा राखल्यास तो वीस वर्षें टिकावा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतून काळे यांच्या रचनेचा चरखा या स्पर्धेसाठीं पुढें आला. नांगर आणि पंप घडविणाऱ्या मराठी कारखान्यानें कताईच्या प्रश्नास हात घालावा, ही गोष्ट लहान नव्हती. परंतु परीक्षकांच्या मतें तोहि साऱ्या अटींस उतरला नाहीं, व पारितोषिक कोणासच मिळालें नाहीं.

तें अपयश निष्फळ मात्र म्हणतां येणार नाहीं. यंत्रास विरोध करावयाचा नसून तें कोणासाठीं व कोठें चालणार हें आधीं ठरवावयाचें, हा विचार त्या अटींनीं स्पष्ट केला. १९३८ सालीं वर्ध्यास गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय याच विचाराचें मूर्त रूप होय. स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूंतील एकांबरनाथ यांच्या नांवावरून ओळखला जाणारा अंबर चरखा पुढें आला. गिरणींत सूत ताणून बारीक करणारे रूळ असतात, तेच त्यानें लहान करून चरख्यावर बसविले व एका चातीच्या जागीं चार चात्या फिरविल्या. १९५५ सालीं प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीनें या चरख्यास पाठबळ दिलें. पुढें चात्या वाढल्या. अलीकडे सूर्यप्रकाशावर चालणारे चरखेहि आले व २०१८ सालीं सरकारनें त्यांची स्वतंत्र योजना आरंभिली.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. अंबर चरख्यास आयता, एकसारखा पेळू लागतो. तो घरीं पिंजून होत नाहीं. म्हणून सीहोर, चित्रदुर्ग अशा ठिकाणीं मोठीं पेळू-केंद्रें काढावीं लागलीं. चरखा खेड्यांत आला खरा, पण त्याचा घांस दुरून येऊं लागला. सांखळीची एक कडी गांवीं आणून भागत नाहीं. शेजारची कडी दूर राहिली कीं पहिलीहि परावलंबी होते.

या सांखळींतील खरी मेख आहे कापसाच्या गांठींत. सरकी काढलेली रुई दूर न्यावयाची म्हणून ती यंत्रानें दाबून दगडासारखी घट्ट करतात. गिरणींत पोंचल्यावर तीच गांठ दांतेरी रुळांनीं झोडपून पुन्हा मोकळी करावी लागते. या मारांत तंतूचा नैसर्गिक मऊपणा व लवचिकपणा कमी होतो, आणि शक्ति व पैसा दोनदां खर्च होतो. आंखूड धाग्याच्या देशी कापसास हा मार सोसत नाहीं; म्हणून गिरणीनें लांब धाग्याचा कापूस मागितला आणि शेतकऱ्यानें तो पेरला. यंत्र कापसाजोगें करण्याऐवजीं कापूसच यंत्राजोगा करण्यांत आला!

हैदराबाद येथील उझरम्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेमकी हीच मेख उपटण्याचा यत्न केला. ‘मलखा’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कापडाचें नांव मलमल आणि खादी या दोन शब्दांतून जुळविलेलें आहे. रुई गांठींत दाबावयाचीच नाहीं. कापूस-प्रदेशांतच लहान यंत्रांवर ती पिंजून कांतावयाची. वनस्पतींच्या रंगांत रंगवून हातमागावर विणावयाची, अशी त्यांची योजना. यंत्रें विजेवर चालतात. हात हेंच एकमेव साधन असा त्यांचा हट्ट नाहीं. कोरपना ज्या आदिलाबादेस एके काळीं जोडलेलें होतें, त्या तेलंगणाच्या भूमींतच हा प्रयोग वाढला, ही बाब या सीमेवरील लोकांनीं ध्यानीं घेण्याजोगी आहे.

कापसाप्रमाणेंच अरण्याचेंहि एक वस्त्र आहे. गडचिरोली व चांद्याच्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर ढिवर कुटुंबें टसरचे किडे पोसतात. त्या कोशांचा धागा स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर वळून काढीत आल्या. त्यानें कातडी सोलवटते, तासन्‌तास एका बैठकींत अंग आखडतें, आणि मजुरी तुटपुंजीच राहते. केंद्रीय रेशीम मंडळानें पुढें आणलेलें ‘बुनियाद’ हें लहान यंत्र हा त्रास वांचवितें व धागाहि अधिक एकसारखा देतें. विदर्भाच्या करवती काठाच्या लुगड्याचा डौल या टसरवर उभा आहे. तो राखावयाचा तर धागा काढणारीची मांडी सोलवटलीच पाहिजे, असें कोणीं म्हणूं नये.

एवंच, कारागिरीचें कौतुक आणि कारागिराचें कल्याण या दोन भिन्न गोष्टी आहेत. ११७ मैलांचें सूत प्रदर्शनांत मांडलें गेलें. तें काढणारीचें नांव कोणीं टिपून ठेवलें नाहीं. पुढें कोरपन्यासारख्या ठिकाणीं रुईपासून वस्त्रापर्यंतचीं लहान यंत्रें एकत्र नांदूं लागलीं, तर त्यांची कसोटी वेग किंवा स्वस्ताई एवढ्यावरच लावून चालणार नाहीं. पिकविणारा, कांतणारी, रंगविणारा आणि विणणारा यांच्या पदरांत वस्त्राच्या किंमतीचा केवढा हिस्सा पडतो, आणि कोणत्याहि कामाचें दार कोणाला जातीमुळें बंद राहतें काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्या यंत्राबरोबर नीट मिळतील, तेंच त्या भूमीचें यंत्र.