शिष्यास शिक्षा व गुरूवर फिर्याद

पूर्वीं गुरूची सत्ता निरंकुश होती, तो मारील तें शिष्यानें निमूटपणें सोसावें, त्यावर दाद कोठेंच नव्हती, असा समज रूढ आहे. जुन्या शिस्तीचे अभिमानी व टीकाकार दोघेही तो सारखाच गृहीत धरतात. धर्मग्रंथांतील प्रमाणें एकत्र ठेवून पाहिलीं असतां तो टिकत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम गौतमधर्मसूत्र घेऊं. त्याच्या दुसऱ्या अध्यायांत यासंबंधीं तीन लहान सूत्रें आहेत. शिष्यास वळण लावावयाचें तें न मारतां, हें पहिलें. तें अशक्य झाल्यास बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब यांनींच मारावें, हें दुसरें. अन्य साधनानें मारणाऱ्या गुरूस राजानें शासन करावें, हें तिसरें. आपस्तंब तर दंडांत काठीचें नांवही घेत नाहीं. भय दाखविणें, उपवास, स्नान करविणें व दृष्टीआड ठेवणें हे त्याचे दंड. तेही अपराधाच्या मानानें व शिष्य सुधारेपर्यंतच. नारदस्मृतींत जोराचा प्रहार आणि मस्तकावर वा छातीवर मारणें निषिद्ध असून, शिक्षेनंतर शिष्याचें समाधान करावें, असेंही सांगितलें आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (श्लोक २९९–३००) पुत्रादिकांस पाठीवर मारावें, मस्तकावर कदापि मारूं नये, असा नियम आहे. तो मोडणारा चोराच्या दोषास पात्र होतो. येथें पाठभेद आहे: कोठें ‘शिष्य’, तर कोठें ‘प्रेष्य’ म्हणजे चाकर. दुसरा पाठ घेतल्यास शिष्य या श्लोकांतून गळतो, व त्याबरोबर त्याच्या मस्तकाचें संरक्षणही गळतें, अशी शंका येईल. परंतु चौथ्या अध्यायांतील १६४ व्या श्लोकांत, रागानें कोणावर दंड उगारूं नये, पुत्र व शिष्य यांस मारणें तें केवळ शिकवणुकीसाठीं, असें स्पष्ट आहे.

शंकेचें पूर्ण निरसन मिताक्षरेंत होतें. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या (इ. स. १०७६–११२६) काळीं विज्ञानेश्वरानें रचलेली ही टीका महाराष्ट्रांत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. गुरुशिष्य, पितापुत्र इत्यादिकांच्या आपसांतील तंट्यांत दावा चालत नाहीं, असें एक स्मृतिवचन आहे. व्यवहाराध्यायांतील ३२ व्या श्लोकावर लिहितांना विज्ञानेश्वर त्याचा विचार करतो. गौतमाचीं सूत्रें व मनूचा मस्तकाविषयींचा निषेध पुढें ठेवून तो म्हणतो कीं, गुरूनें कोपाच्या आवेशांत मोठ्या दंडानें मस्तकावर मारलें व शिष्यानें राजाकडे निवेदन केलें, तर तो दावा चालतोच. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात: मनूचा निषेध शिष्यासही लागू धरला जात होता, आणि मर्यादा मोडणारा गुरु दाव्यास उत्तरदायी होता.

स्मृतिवचन म्हणजे प्रत्यक्ष आचार नव्हे, हें खरें. पंतोजींच्या शाळांत आंगठे धरविणें, टांगून ठेवणें असे प्रकार चालत. गौतम-आपस्तंबांच्या यादींत ते बसत नाहींत. शारीरिक शिक्षेस कायद्यानें पूर्ण बंदी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें झाली. तथापि त्या क्रूरतेस शास्त्राचा आधार होता, असें म्हणतां येणार नाहीं. क्रम, प्रमाण, रागाचा अभाव व वरिष्ठाकडे दाद, हीं न्याय्य शिस्तीचीं चारही अंगें शास्त्रांत होतीं.

मुख्य प्रश्न उरतो तो असा: अशी फिर्याद कोणी केली काय? याचें उत्तर स्मृतींच्या पोथ्यांत मिळावयाचें नाहीं. तें जुन्या दप्तरांतील निवाडे, अर्ज व खासगी पत्रें यांतच शोधिलें पाहिजे. पोथीसंग्राहकांनीं शाळेसंबंधींचा चिटोराही क्षुल्लक मानून टाकूं नये, एवढीच विनंति.