डेडस्टॉक, कंदील आणि काडेपेटी

जिल्हा परिषदेच्या शाळेत एक नोंदवही असते. कागदोपत्री तिचं नाव 'जडवस्तू संग्रह नोंदवही', पण सगळे तिला 'डेडस्टॉक'च म्हणतात. खुर्च्या, घंटा, नकाशे, वजनकाटा असं सगळं तिच्यात उतरतं. पुस्तकांची दाखल नोंदवही वेगळी असते, पण न्याय तोच. गुरुजींची बदली झाली की नव्या गुरुजींना 'चार्ज' द्यायचा, एकेक वस्तू मोजून. पुस्तक कमी भरलं तर जाब द्यायचा. मूल पुस्तक घरी नेणार, धाकटं भावंडं त्याचं मधलं पान फाडणार, पावसात गळक्या पत्र्याखाली ते भिजणार. मग कपाटाला कुलूप लागतं. यात आळस कमी आणि हिशेब जास्त आहे. फुकट मिळालेलं पुस्तकही एकदा नोंदलं गेलं की शाळेच्या मालमत्तेत जमा होतं.

मी दौंड तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमधली. कंपनी कायद्यात 2013 साली आलेल्या तरतुदीमुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांकडे हल्ली खोकी बरीच येतात. आमच्या ऑफिसातूनही शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत पुस्तकं गेली, आणि गाव ओळखीचं म्हणून ती पोचवायचं काम माझ्याकडे आलं. खोक्यांत काय होतं? स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शकं, इंग्रजी ज्ञानकोशाचे सुटे खंड, कुणाच्या तरी आजोबांच्या जाड कादंबऱ्या. मुलांसाठी म्हणता येतील अशी पुस्तकं वरच्या थरात मावतील इतकीच. आपण देतो ते बहुतेकदा घरात जागा करण्यासाठी देतो, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

आणि समोर जी मुलं होती, त्यांतली निम्मी अक्षराला अक्षर जोडत वाचणारी. 'असर'चा ग्रामीण पाहणी अहवाल दर वेळी हेच सांगतो. 2022 मध्ये देशात तिसरीतली फक्त 20.5 टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, 2018 मध्ये हे प्रमाण 27.3 होतं. म्हणजे करोनाआधीही ते फार बरं नव्हतंच. अशा मुलाला ज्ञानकोशाचा खंड देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला मोठी विहीर दाखवणं.

मग मी मागे जाऊन शोधायला लागलो. दान आलेल्या पुस्तकांनी आपल्याकडे कधी कुणाचं भलं झालंय का? आणि झालं असेल तर कशामुळे?

पहिलं उत्तर माझ्याच तालुक्यात निघालं. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत, पण त्या कंपाउंडच्या आत काय घडलं ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकून घेतली. (फ्रोबेलने मुलांच्या हाती द्यायच्या चेंडू-ठोकळ्यांना नाव दिलं होतं 'भेटी'. देणगीच्या विषयात हे फारच चपखल बसतं.) तिकडची सचित्र शालेय पुस्तकं पाहून त्या मराठी वाचनमालेच्या तयारीला लागल्या. 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी 'रमाबाई असोसिएशन' निघाली आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. दहा वर्षं! आमच्या ऑफिसात उपक्रमाचं आयुष्य एका आर्थिक वर्षाचं असतं.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, आणि 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या तेव्हा केडगावची जमीन कामी आली. या मुलींना पुस्तकाची ओढ असण्याचं काही कारणच नव्हतं, आधी भाकरी हवी होती. तरी तिथे शाळा चालली, अंधांसाठी ब्रेल शिकवणं सुरू झालं (रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली होती), आणि छापखाना उभा राहिला. खिळे जुळवायला, पानं छापायला, बांधायला या बायकाच. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद याच छापखान्यात छापला गेला. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, त्यानंतर दोन वर्षांनी तो पूर्ण छापून निघाला. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवून मला त्यातली एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. जिथे पैसे आणि पुस्तकं बाहेरून आली, तिथेच काही वर्षांत घेणाऱ्यांच्या हातून पुस्तकं बाहेर पडायला लागली. कपाटाला कुलूप असतं तर हे झालं नसतं.

आणखी एक. रमाबाई स्वतः संस्कृत शिकल्या त्या आईच्या तोंडून, कानाने. पुराणं सांगत गावोगाव हिंडणाऱ्या घरातली मुलगी, हजारो श्लोक पाठ. म्हणजे आपल्याकडच्या एवढ्या मोठ्या वाचणाऱ्या बाईचं वाचन ऐकण्यातून सुरू झालं होतं. वाचायला नको म्हणणाऱ्या मुलाला आधी कुणीतरी वाचून दाखवायचं असतं, हे आजच्या शिक्षणतज्ज्ञांनी शोधून काढलेलं नाही.

ऐकण्यानंतर पाहणं. इथे चित्रपट येतो, पण चित्रपटाच्या आधी कंदील आला होता. कल्याणचे महादेव पटवर्धन 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ करायला लागले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, शेजारी निवेदन आणि गाणं. पुढे वीसेक वर्षांनी दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी 1912 मध्ये सर्वांत आधी चित्रित केलं ते काय, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप होणं. दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपून 'अंकुराची वाढ'. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवायला ही फिल्म उपयोगी पडली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा आहे, हे फारसं कुणी म्हणत नाही. नंतर त्यांनी काड्यांच्या हालचालींचीही एक फिल्म केली, 'आगकाड्यांची मौज'. ही काडेपेटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुस्तक आणि पडदा एकाच छताखाली आणायचं काम मात्र एका संस्थानिकाने केलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव गायकवाड. त्यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग लगेच पुढचा प्रश्न आला. चौथी झालेलं पोर शेतावर गेलं की दोन-तीन वर्षांत वाचायला विसरतं, कारण गावात वाचायला काही नसतं. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला. राजवाड्यातला स्वतःचा सुमारे 20,000 पुस्तकांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी याच ग्रंथालय खात्यात एक दृश्य शिक्षणाची शाखा निघाली. मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप, सिनेमाचं यंत्र, आणि गावात फुकट खेळ. पेटी आणि पडदा एकाच खात्याचे. सिनेमा वाचनाचा शत्रू आहे हे त्या खात्याच्या डोक्यातही आलं नाही, ते आपण नंतर ठरवलं.

फिरत्या पेटीची कल्पना आपल्याकडे टिकली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानात विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना तशाच पेट्यांवर, लोकांनी दिलेल्या पैशांवर चालते. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांपर्यंतही पेट्या गेल्या. पेटीचा गुण असा की ती एका जागी थांबत नाही, त्यामुळे तिला कुलूप लावून विसरून जायला कुणाला वेळच मिळत नाही.

पडद्याचं तसं झालं नाही. पुण्यात 1984 मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. माझ्या वयाच्या वाचकांना सकाळी सह्याद्रीवर लागणारे ते कार्यक्रम आठवत असतील. कठपुतळ्या, प्रयोग, जरा जास्तच गोड बोलणाऱ्या ताई. आमच्या शाळेला कुणीतरी टीव्ही भेट दिला होता, पण कार्यक्रमाच्या वेळेला वीज असली तर! तरीही मला त्यातलं पृष्ठताणाचं दाखवलेलं आजही आठवतं, पुस्तकातलं आठवत नाही. पुढे केंद्राचा निधी आटला आणि 2017 मध्ये राज्य सरकारने ती संस्था बंद केली. प्रत्येकाच्या खिशात पडदा आला त्याच सुमारास. मुलांसाठी मराठीत चित्रफिती करणारं सरकारी घर तेव्हा मिटलं, याचं मला अजून नवल वाटतं. रागही येतो.

ते काम दुसऱ्या बाजूने चालू राहिलं होतं. आयआयटी कानपूरचे इंजिनियर अरविंद गुप्ता टेल्कोतली नोकरी सोडून मुलांसाठी खेळणी करायला लागले. त्यांचं पहिलं पुस्तक काड्यांचं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घर. फाळक्यांच्या काड्यांना कितीतरी वर्षांनी मिळालेले चुलतभाऊ. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकाची मुलांसाठीची जी विज्ञान शोधिका आहे, तिच्या 'पुलस्त्य' या इमारतीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाची देणगी लाभली (पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात पुलंही). तिथे गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक छोट्या चित्रफिती केल्या आणि मराठीसह कितीतरी भाषांत फुकट ठेवल्या. शेजारी हजारो पुस्तकांच्या फायली, त्याही फुकट. इथे चार्ज द्यायचा नाही, फाटायचं नाही, हरवायचं नाही.

पण फाइल वाचायला तरी वाचता यायला हवं ना?

त्याचं एक उत्तर अहमदाबादच्या आयआयएममधून 1996 मध्ये निघालं. ब्रिज कोठारी यांची कल्पना अगदी साधी. हिंदी गाण्याखाली हिंदीच अक्षरं, गुजरातीखाली गुजराती. भाषांतर नाही, जे ऐकू येतं तेच खाली लिहिलेलं. गाणं पाठ असतं, डोळा आपोआप अक्षरांवर जातो, मेंदू आवाज आणि आकार जुळवत राहतो. पुढे दूरदर्शनवर आणि नंतर झी टॉकीजवर मराठी चित्रपटांखालीही अशी मराठी अक्षरं आली.

हे वाचलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे तर मला जमेल. सबटायटलची फाइल म्हणजे वेळ आणि ओळ, बाकी काही नाही. दोन-तीन रविवारी बसून काड्यांच्या, भिंगऱ्यांच्या मराठी चित्रफितींना मराठी ओळी जोडल्या, अक्षर मोठं ठेवलं, ओळ चार-पाच शब्दांपलीकडे जाऊ दिली नाही. शाळेचा प्रोजेक्टर त्याच्या खोक्यातून काढला. गुरुजींनी खिडक्यांना गोणपाट लावलं.

शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. दिवाळीनंतर बीड-नगरकडून टोळ्या येतात, कोप्या पडतात आणि त्या मुलांतली काही शाळेत येऊन बसतात. वर्गात ती पाहुणी. नाव पटावर गावाकडच्या शाळेत, अंग इथे. पुस्तक घरी द्यायचं म्हटलं की सगळ्यांत आधी वगळली जातात तीच, कारण कारखान्याचा पट्टा पडला की पुस्तकासकट ती जाणार. त्यांतला एक सहावीचा मुलगा मराठीचं पुस्तक समोर आलं की पोट दुखतं म्हणायचा. चित्रफीत दुसऱ्यांदा लावली तेव्हा तो आवाजाच्या अर्धा क्षण आधी ओळ म्हणायला लागला. पाठ झाली होती की वाचत होता? गुरुजींनी आवाज बंद केला आणि आम्ही तिसऱ्यांदा लावली. तो अडखळला, 'त्रिकोण'वर थांबला, पुन्हा म्हणाला, पुढे गेला.

त्यानंतर त्याला काड्यांचं पुस्तक हवं होतं. पडद्यावर घरापर्यंतच दाखवलं होतं, पुस्तकात पुढची आकृती होती. मी छापून, पिन मारून नेलेली ती प्रत कुठल्याच नोंदवहीत चढवलेली नव्हती. मार्चमध्ये टोळी गेली, प्रतही गेली. पुढच्या हंगामाला मी वीस प्रती नेल्या आणि सोबत व्हॉल्व्ह ट्यूबचं एक भेंडोळं. भेंडोळं आधी संपलं.