मिरजेचे सतारमेकर : हत्यारं घासणाऱ्या हातांनी तंबोरा घडवला, त्याची गोष्ट

मालवण, कुडाळ, कणकवली भागात हरिनाम सप्ताह बसला की एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री दोन वाजताही. गावातल्या मुस्लिम घरांनाही तो आवाज ओळखीचा असतो. पण ती वीणा बनते कुठे आणि बनवतं कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. घाट चढून कोल्हापूर ओलांडलं की पुढे मिरज लागते. महाराष्ट्रातली वीणा, तंबोरे, सतारी मोठ्या प्रमाणावर तिथूनच येतात. आणि बनवणारी घराणी बहुतेक मुसलमान आहेत.

त्या घराण्यांची ही माहिती.

कोण हे सतारमेकर?

सांगली जिल्ह्यातल्या मिरज शहरात पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं, म्हणजे तारांची वाद्यं, बनवणारे कारागीर आहेत. मूळचे हे शिकलगार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे धातू घासून लखलखीत करणं. त्यावरून शिकलगार हा शब्द आला. तलवारी, भाले, कट्यारी घासणं, धार लावणं, दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. याच शिकलगार समाजातून पेशवाईच्या काळात शाहीर सगनभाऊ निघाले. जेजुरीचे सगनभाऊ जन्माने मुसलमान आणि मराठी लावणीतलं फार मोठं नाव. म्हणजे मराठी गाण्याशी या समाजाचं नातं तंबोऱ्याच्याही आधीचं आहे.

पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला, संस्थानांच्या फौजा आटल्या. हत्यारांची मागणी संपत आली. अशा वेळी १८५० च्या सुमारास मिरजेतल्या फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला. भाऊ मोहिनुद्दीन त्यांच्या सोबत होते. उत्तरेकडून येणारे गवई-बजवय्ये आपली नादुरुस्त वाद्यं घेऊन त्यांच्याकडे येत. ती उघडून, आतली रचना बघून, दोघा भावांनी स्वतः वाद्य घडवायला सुरुवात केली, असं मिरजेत सांगतात. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन. त्यामुळे दरबारात गवई होते आणि कारागिरांना काम होतं.

पुढे धंद्यावरून आडनावं पडली. शिकलगारांचे कुणी सतारमेकर झाले, कुणी मिरजकर. ज्या गल्लीत ही दुकानं आणि कारखाने आहेत तिला लोक सतारमेकर गल्लीच म्हणतात.

अब्दुल करीम खाँ आणि दर्ग्याचं अंगण

नुसत्या कारागिरांनी बाजारपेठ उभी राहत नाही. वाद्य कसं लागलं पाहिजे हे कानाने सांगणारा गवईही शेजारी लागतो. मिरजेला तो उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या रूपात मिळाला.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. सारंगी आणि बीन ही वाद्यंही ते शिकलेले होते. बडोद्याच्या दरबारात काही काळ काढून ते महाराष्ट्रात आले. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात राहून बरे झाले, असं सांगतात. त्यानंतर मिरज हेच त्यांचं घर झालं. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वतीबाई राणे ही खाँसाहेबांची मुलं. किराणा घराण्याचं गाणं मराठी घराघरांत पोचलं ते या मंडळींमुळे.

हे गाणंच असं की त्यात सुराची बारकाई सगळ्यात आधी येते. तंबोरा जरा जरी कमी-जास्त बोलला तरी चालत नाही. खाँसाहेब वाद्याची दुरुस्ती स्वतःही करत. असा माणूस गावात राहतो, कारागिराच्या कामातली खोट लगेच दाखवतो, तेव्हा कारागिराचा कान तयार होतो. मिरजेच्या तंबोऱ्याचं नाव झालं त्यात या शेजाराचा मोठा वाटा आहे.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या दौऱ्यात, पाँडिचेरीकडे जाताना, सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर खाँसाहेबांचा इंतकाल झाला. त्यांचं दफन मिरजेला दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसात दर्ग्यात संगीत सभा होते आणि मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावून जातात. याच उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे.

मिरजेच्या संगीताची दुसरी बाजूही पाहा. विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही १८७२ चेच. त्यांचं शिक्षण मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झालं. दर्गा असो की दरबार, दोन्हीकडे तंबोरा लागायचा, आणि तो शिकलगारांच्या गल्लीतून यायचा.

भोपळ्यापासून वाद्यापर्यंत

तंबोऱ्याचा गोल भाग म्हणजे खराखुरा भोपळा. हा खायचा नव्हे, कडू भोपळा. जाड सालीचे, मोठ्या घेराचे भोपळे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात आणि वाळवून मिरजेला येतात. कारागीर हातात घेऊन, टिचकी मारून भोपळा निवडतो. घेर कमी पडला तर मर्दानी आवाजाचा मोठा तंबोरा होत नाही. त्या भोपळ्याची सतार करायची किंवा बायकी आवाजाचा लहान तंबोरा.

वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, वरचा भाग कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि पुन्हा सुकवतात. मग त्याला लाकडी गळा जोडतात आणि गळ्याला पोकळ दांडी. लाकूड साधारणपणे तुणाचं. ते हलकं असतं आणि आवाज चांगला देतं. भोपळ्याच्या तोंडावर पातळ लाकडी तबली बसते. तबलीवर घोडी, दांडीच्या टोकाला खुंट्या, आणि तारा बारीक जुळवायला घोडीच्या खाली मणी. नंतर नक्षी आणि पॉलिश. एका वाद्यावरून तीन-चार कारागिरांचे हात फिरतात.

नक्षीला आणि घोडीला पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद होत गेलं. आता उंटाचं हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुतेक वेळा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. खर्जाची तार पितळी असते. सतारीचं काम याहून किचकट. तिला पडदे असतात आणि वाजवायच्या तारांच्या खाली तरफेच्या बारीक तारांची आणखी एक ओळ असते.

सगळं कसब जवारीत

लाकूडकाम सुताराला शिकवता येतं. पॉलिश वर्ष-दोन वर्षांत येतं. जवारी मात्र लवकर येत नाही.

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर थरथरताना घोडीला हलकेच घासते आणि त्यातून तो गुंजन करणारा, भरलेला आवाज निघतो. हा उतार कानसेने घासून काढणं म्हणजे जवारी काढणं. घासायचं, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा तार काढून घासायचं. एक हात जास्त पडला तर आवाज मरतो आणि घोडी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. याला माप नाही, कानच लागतो. जवारी काढून झाली की तारेखाली सुताचा दोरा सरकवून शेवटचा सूर उघडतात.

यामागचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी अभ्यासलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेवर निबंध प्रसिद्ध केला. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर ऐकू यायला नकोत, ते या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचं कारण ही रुंद, उतरती घोडी आहे, असं त्यांनी मांडलं. पुढे नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ ज्या घोडीवर निबंध लिहितो, ती मिरजेच्या गल्लीत उकिडवा बसलेला कारागीर अंदाजाने बरोबर घासत होता.

मानांकन मिळालं, पण पुढे काय?

२०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला, म्हणजेच तंबोऱ्याला, भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं तेच हे मानांकन. याचा अर्थ असा की दुसरीकडे बनवलेलं वाद्य कुणाला ‘मिरजेची सतार’ म्हणून विकता येणार नाही.

पण हापूसच्या बागायतदारांना अनुभव आहे तोच इथेही लागू आहे. मानांकन संघटनेच्या नावावर असतं. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव वेगळं नोंदवलं तरच त्याला ते चिन्ह वापरता येतं. नोंदणी १० वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. कागद झाले नाहीत तर मान गावाला मिळतो आणि फायदा व्यापाऱ्याला होतो.

दुसरी गंमत पाहा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत होडी बांधणारे आहेत, मासेमारीचं जाळं विणणारे आहेत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनाही ती लागू आहे. यादीत शस्त्र घडवणाराही आहे. वाद्य घडवणारा मात्र वेगळा दिलेला नाही. शिकलगारांनी हत्यारं सोडून पावणेदोनशे वर्षं होत आली. यादीत त्यांचा सोडलेला धंदा आहे, धरलेला नाही.

बाजारही बदलला. १९७९ च्या सुमारास बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आता तर मोबाइलवर फुकट तंबोरा वाजतो. रियाजाला तो चालतो, पण त्यामुळे नव्या विद्यार्थ्याने लाकडी तंबोरा घेण्याची गरज कमी झाली. कोरोनाच्या काळात मैफली, शिकवण्या बंद होत्या, तेव्हा या धंद्यालाही झळ बसली. चांगलं लाकूड महाग होतंय. आणि मुख्य म्हणजे मुलगा शिकला की नोकरी बघतो. त्याला दोष कसा द्यायचा? जवारी हाताखाली यायला जी वर्षं लागतात, त्या वर्षांत घर कशावर चालवायचं, हा प्रश्न खरा आहे.

आपल्या समाजात संगीताबद्दल मतं वेगवेगळी आहेत, हे मान्यच. तो ज्याचा त्याचा प्रश्न. इथे मुद्दा हुनराचा आणि हलाल रोजीचा आहे. पावणेदोनशे वर्षं एका समाजाने जपलेलं कसब एका पिढीत तुटू शकतं. तुटलं तर ते पुस्तकातून परत शिकता येणार नाही, कारण ते कानात आणि बोटांत आहे.

म्हणून मिरजेत घडलेलं वाद्य घेताना बनवणाऱ्याचं नाव विचारा आणि मानांकनाचं चिन्ह आहे का ते बघा. ज्या घरातल्या मुलाचा कान चांगला आहे आणि हाताला लाकूडकामाची आवड आहे, त्याला सुट्टीत एकदा सतारमेकर गल्ली दाखवून आणा. तिथल्या कारखान्यांत काम उघड्यावर चालतं, बसून बघता येतं.

समुद्रकाठी वाद्य सांभाळताना

- खाऱ्या हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसा.
- पावसाळ्यात वाद्य ओल्या भिंतीला टेकवू नका. दमटपणाने सांधे सुटतात आणि खुंट्या फुगून घट्ट बसतात.
- भोपळा थेट जमिनीवर ठेवू नका. कापडाची चुंबळ करून तिच्यावर ठेवा.
- घाटावर नेताना बंद गाडीत उन्हात ठेवू नका. तबली तडकते.
- भोपळ्याला चीर गेली तर वाद्य टाकून देऊ नका, मिरजेला न्या. दुरुस्तीपासूनच तर फरीदसाहेबांचा धंदा सुरू झाला होता.