तिची ओळख झाकू, जात झाकणार नाही

२६ मार्च १९७२. देसाईगंजची पोलीस चौकी. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. एका गरीब, अल्पवयीन आदिवासी मुलीवर त्या रात्री अत्याचार झाला. आरोपी होते दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले आणि उलट मुलीच्याच चारित्र्यावर शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. का? तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या!

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले. बलात्कारपीडितेची ओळख छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद!

पण जिच्यामुळे हा कायदा आला, तिचेच नाव आजही पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, लेखांत बिनदिक्कत घेतले जाते. तिच्या वैद्यकीय तपासणीचा तपशील निकालपत्रातून छापला गेला. तिला कुणी विचारले होते? आम्ही तिचे नाव इथे लिहीत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, भंडारा जिल्हा. एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत जात गायब होती, अनैतिक संबंधांची कुजबुज मात्र ठळक होती. म्हणजे मारले त्यांनाच, आणि बदनामही त्यांनाच केले. खरे काय ते समाजापुढे आणले आंबेडकरी कार्यकर्त्यांनी. ते नसते, तर खैरलांजी हे नाव भंडाऱ्याबाहेर पोहोचले नसते.

पण मित्रहो, आपलेही चुकले. मृतदेहांची छायाचित्रे पत्रकांवरून, इंटरनेटवरून फिरली. संताप खरा होता, हेतूही खरा होता. तरीही त्या माऊलीचा देह हा आपल्या मोर्चाचा फलक नव्हता. तथाकथित उच्चजातीय घरातील मुलीचे असे छायाचित्र कुणी छापले असते का? मग आपल्याच लेकींच्या बाबतीत ही मुभा कशी?

काही जण म्हणतील, नाव आणि चेहरा लपवला तर अत्याचारच लपेल. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. ओळख वेगळी, जात वेगळी. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पीडिता हयात नसली तरी तिची ओळख उघड करता येणार नाही, आणि नातेवाइकांची संमतीही त्यासाठी पुरेशी नाही. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये हाच गुन्हा आहे. पण अत्याचार जातीतून झाला हे सांगायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

मग लिहायचे काय? हक्क लिहा. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले. जामिनाच्या अर्जाची सूचना पीडिताला मिळाली का? त्याचे म्हणणे ऐकले का? संरक्षण दिले का? प्रवासखर्च मिळाला का? हे प्रश्न छापा, तपास अधिकाऱ्याला विचारा. यात पीडितेचा चेहरा कुठेच लागत नाही, व्यवस्थेचा मात्र उघडा पडतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. वाचा देणे म्हणजे परस्पर त्यांच्या वतीने सगळे उघडे करणे नव्हे. म्हणून पुढचा फोटो फॉरवर्ड करण्यापूर्वी थांबा. ती आपली बहीण असती तर हा फोटो पाठवला असता का, एवढेच स्वतःला विचारा.

जय भीम!