प्रवाळाला ऊन कशाला?

काचेच्या टाकीत प्रवाळ जगवायचा तर मासे पाळण्यापेक्षा दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात : प्रखर प्रकाश आणि हलते पाणी. हे कसे उमगले, ते पाहू.

१९२८-२९ मध्ये याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेले. तेथे अंधारात ठेवलेल्या प्रवाळांनी अंगातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकले. पण प्राणिज खाद्य देताच ते जगले. शैवाल त्यांना अन्न पुरवत नाही, असे याँग यांनी मानले. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकला!

१९५८ साली मस्काटाइन आणि हँड यांनी प्रवाळाच्याच नात्यातील समुद्रपुष्पावर किरणोत्सारी कार्बन वापरला. शैवालाने प्रकाशात बनवलेले अन्न प्राण्याच्या शरीरात पोचत होते.

१९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्राचे पाणी, जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे. बुडबुड्यांमुळे पाणी फिरते राहते. एका जागी खिळलेल्या प्रवाळाला प्राणवायू व खाद्य आणून देणारे आणि त्याची घाण वाहून नेणारे हे पाणीच.

प्रवाळ झाड की प्राणी, असे मुलांनी विचारले तर आपण सांगू : प्राणीच, पण अंगात शेत बाळगणारा.